रूळ उखडल्यानंतरची वाट

लहानपणी आजोळी जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. मोठ्या गाडीतून उतरायचे, ट्रंका आणि पिशव्या सांभाळत पलीकडे जायचे आणि बार्शी लाइटच्या बुटक्या डब्यात खिडकी पकडायची. ही गाडी इतकी सावकाश चाले की लाइनीवरची माणसे नीट न्याहाळता येत. त्यांतला एक माणूस माझ्या मनात राहिला. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात पाना. गाडी आली की तो रुळांवरून बाजूला होऊन उभा राही आणि ती गेली की पुन्हा रुळांवर येऊन मान खाली घालून चालू लागे. मामा सांगत, ‘तो चावीवाला.’ रेल्वेच्या कागदोपत्री त्याला की-मन म्हणतात. नेमून दिलेल्या पट्ट्यातून तो रोज पायी जातो. ढिली झालेली चावी ठोकून बसवतो, बोल्ट आवळतो, रुळाला तडा दिसला किंवा भरावाची माती सरकलेली दिसली तर वर कळवतो. इंजिनाचा ड्रायव्हर सगळ्यांना दिसे. लाइन जिच्यामुळे चालू राहते ती ही पायपीट कोणाच्या ध्यानात येत नसे.

पुढे बार्शी लाइटच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता एक धागा थेट इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरपर्यंत गेला. ज्या इंजिनिअरने बार्शी लाइट उभी केली, त्यानेच तिथेही अडीच फुटी लाइन बांधली होती. ती तीस वर्षेही चालली नाही. पण ती बंद झाल्यावर तिच्या जागेवर पायवाट झाली आणि १९३७ पासून आजतागायत लोक तिच्यावरून चालत आहेत. जुन्या रेल्वेमार्गांवर अशा वाटा पुढे इंग्लंड-अमेरिकेत शेकड्यांनी झाल्या, आणि त्यांतल्या अनेक वाटा गावोगावच्या स्वयंसेवकांनी घडवल्या आणि राखल्या. मला पडलेला प्रश्न साधा होता. गाडी गेली, रूळ गेले, पगारी चावीवाला गेला. मग त्याचे काम कोणी उचलले, आणि का? या लेखात त्याच प्रश्नाचा माग घेतला आहे.

बार्शीचा इंजिनिअर, मॅनिफोल्डची दरी

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप १८८२ साली जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबईहून आग्नेयेकडे गेलेल्या जीआयपीच्या लाइनीने बार्शीला बाजूला टाकले होते. कापसाची मोठी पेठ असलेले हे गाव सर्वांत जवळच्या स्थानकापासून सुमारे २१ मैलांवर राहिले आणि त्या स्थानकाला नावही ‘बार्सी रोड’ असेच पडले. आजचे कुर्डुवाडी ते हेच. मधले अंतर बैलगाड्या कापत. थोड्या भांडवलात, हलक्या रुळांवर, पण भरपूर माल नेणारी लाइन इथे बांधता येईल, असे कॅल्थ्रॉपचे म्हणणे होते. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, ही त्याची मुख्य कल्पना. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलका रूळही पुरतो. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे ही लाइन एका बाजूला पंढरपूर आणि मिरजेपर्यंत, तर दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला डबे अपुरे पडत आणि मालाच्या वाघिणींतही वारकरी बसत.

बार्शीच्या यशाने कॅल्थ्रॉपचे नाव झाले. स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नावाच्या छोट्या नदीच्या दरीत अरुंद लाइन टाकायचे ठरले, तेव्हा तिचे काम त्याच्याकडे गेले. ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ जून १९०४ मध्ये सुरू झाली. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, अंतर जेमतेम आठ मैल, रुळांमधले अंतर बार्शीइतकेच अडीच फूट. इंजिने दोनच, त्यांतल्या एकाचे नाव ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’. त्यांच्या घडणीत बार्शीची छाप उघड दिसे. पुढे लावलेले भलेमोठे दिवे तर हिंदुस्थानातल्या लाइनीला शोभावेत असे होते. मोठ्या गेजच्या वाघिणी जशाच्या तशा पाठीवर घेऊन जाणाऱ्या खास गाड्या कॅल्थ्रॉपने इथे वापरल्या.

पण मॅनिफोल्डच्या दरीत बार्शीसारखी पेठ नव्हती आणि पंढरपूरसारखे तीर्थही नव्हते. उन्हाळ्यात सहलीला येणारी माणसे आणि वर्षभर दुधाचे डबे, एवढ्यावर लाइन चाले. रस्त्यावर मोटारी आल्या, १९३२ मध्ये एक्टनची दुधाची डेअरी बंद झाली आणि मार्च १९३४ मध्ये लाइनही थांबली. तोवर ही लाइन लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश या बड्या रेल्वे कंपनीच्या मालकीची झाली होती. कंपनीने रूळ काढून नेले आणि जागा परगण्याच्या कौन्सिलला दिली. कौन्सिलने तीवर पृष्ठभाग केला आणि जुलै १९३७ मध्ये पायवाट म्हणून ती खुली केली. तिचे आजचे नाव ‘मॅनिफोल्ड वे’. ब्रिटनमधल्या रेल्वे-वाटांपैकी ही अगदी आरंभीची. कोरड्या दिवसांत शेजारची नदी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली जाते आणि पात्रात नुसते दगड उरतात. वाट मात्र बारा महिने वाहती असते.

या वाटेच्या जन्मात स्वयंसेवक नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. कंपनीने दिली, कौन्सिलने घेतली. चांगल्या कारभाराचा हा नमुना होता, पण त्याचा कित्ता फारसा कोणी गिरवला नाही. १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्थानके बंद करावीत, अशी त्याची शिफारस होती. पुढच्या काही वर्षांत शाखामागून शाखा बंद पडल्या. जमिनी तुकड्यातुकड्याने विकल्या गेल्या. कुठे शेतकऱ्याने भराव सपाट करून शेतात घेतला, कुठे खोदाईत गावचा कचरा भरला, कुठे रस्ता रुंद करताना पूल पाडला.

रेल्वेमार्गाची किंमत त्याच्या अखंडपणात असते. तीस मैलांची पट्टी मधून शंभर यार्ड तुटली तर उरतात ते दोन निरुपयोगी तुकडे. तो तुकडा पुन्हा विकत घ्यायचा, पूल पुन्हा बांधायचा, तर खर्च मूळ जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून लाइन बंद झाल्यानंतरची पहिली काही वर्षे सगळे ठरवतात. त्या वर्षांत ‘ही आमची आहे’ असे म्हणणारे कोणी पुढे आले तर पट्टी वाचते. सरकार पुढे येईलच याची खात्री नसते. इथे स्वयंसेवकांची गोष्ट सुरू होते.

शिकागोजवळचे एक पत्र

शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन ही विजेवर चालणारी लाइन शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांना शहराशी जोडत होती. महामार्गाच्या बांधकामामुळे १९५३ पासून तिची गाडी शहराच्या मध्यभागापर्यंत जाईनाशी झाली. प्रवाशांना वाटेत गाडी बदलावी लागू लागली आणि त्यांनी मोटारी घेतल्या. ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी प्रवासी सेवा थांबवण्यात आली. सकाळी त्याच गाडीने कामावर गेलेल्यांना संध्याकाळी परतीची गाडी नव्हती. मालगाड्या आणखी दोन वर्षे चालल्या. नंतर रूळ गेले आणि झुडपे वाढू लागली.

मे थेलगार्ड वॉट्स या तिथल्याच मॉर्टन आर्बोरेटम या वृक्ष-उद्यानात निसर्गशिक्षणाचे काम केलेल्या बाई. भूप्रदेश कसा वाचावा यावर त्यांचे पुस्तक होते. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिले. युरोपात लोकांना चालण्यासाठी वाटा आहेत, मग आपल्या दारातली ही पडीक पट्टी बुलडोझर येण्याआधी वाट म्हणून का राखू नये, असा त्याचा आशय होता. पत्र वाचून काही माणसे एकत्र आली. त्यांतून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. काउंटीशी, वीज कंपनीशी, वाटेतल्या गावांशी वर्षानुवर्षे बोलणी झाली. ड्यूपेज काउंटीने आपल्या हद्दीतला मोठा पट्टा संस्थेला भाड्याने दिला. १९७१ मध्ये या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला. आज शाखांसह तिची लांबी सुमारे ६० मैल आहे.

पट्टा मिळाला म्हणजे वाट झाली नाही. झुडपे तोडणे, कचरा काढणे, खडी पसरणे, पाट्या लावणे, हे सगळे लोकांनी केले. वेगवेगळ्या गटांनी वाटेचे तुकडे आपापल्या अंगावर घेतले. पुढे देखभालीचा मोठा भार काउंटीने उचलला, पण स्वयंसेवक बाजूला झाले नाहीत. व्हीटन गावातल्या या वाटेवरच्या पुलाचे नावच ‘व्हॉलंटिअर ब्रिज’ आहे.

या वाटेच्या नावात ‘प्रेअरी’ आहे, ते नुसते शोभेसाठी नाही. इलिनॉयची मूळ गवताळ भूमी नांगराखाली जवळजवळ सगळी गेली. जे थोडे तुकडे उरले त्यांतले बरेचसे रेल्वेच्या कडेला सापडतात, कारण रेल्वेच्या हद्दीत नांगर गेला नाही. माणसाहून उंच वाढणारे ब्लूस्टेम गवत आणि पाने उत्तर-दक्षिण धरून उभी राहणारी कंपास वनस्पती अशा पट्ट्यांत तग धरून राहिली. एल्महर्स्टजवळ वाटेलगत असा एक तुकडा आहे. तो राखायचा म्हणजे बाहेरून आलेली झुडपे आणि तण हाताने उपटायचे, आणि ठरावीक काळाने जाणकारांच्या देखरेखीखाली गवत पेटवायचे. प्रेअरीला आग लागते. आग नसली तर झुडपे चढतात आणि गवत मरते. पूर्वी इंजिनांच्या ठिणग्यांनी अनेक ठिकाणी हे काम नकळत होत असे. आता ते माणसांना ठरवून करावे लागते. रेल्वेच्या बेफिकिरीने जे वाचले, ते राखायला माणसांची फिकीर लागते, हे मला या प्रकरणात सगळ्यांत लक्षात राहिले.

ब्रिस्टल ते बाथ

दुसरी गोष्ट पुन्हा इंग्लंडची. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधली मिडलँड रेल्वेची जुनी लाइन १८६९ ची. १९६६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, बाथच्या गॅस कारखान्याला कोळसा नेणाऱ्या मालगाड्या १९७१ पर्यंत चालल्या. १९७७ मध्ये ब्रिस्टलमधल्या सायकलवाल्यांनी ‘सायकलबॅग’ नावाचा गट काढला. तेलाचा भडका नुकताच अनुभवलेला होता आणि शहरातले रस्ते मोटारींनी व्यापले होते. या गटात जॉन ग्रिमशॉ हे स्थापत्य अभियंता होते. निवेदने देत बसण्यापेक्षा एक पट्टा घेऊन तो करूनच दाखवावा, असे त्यांनी ठरवले.

१९७९ च्या उन्हाळ्यात बाथ ते बिटन हा पहिला टप्पा स्वयंसेवकांनी बांधला. आठवड्याच्या सुट्टीत माणसे येत, फावडी आणि ढकलगाड्या घेऊन चुनखडीची बारीक कच पसरत, दाबत. कारागिरीचे म्हणावे असे त्यात थोडेच होते. रेल्वेने शंभर वर्षांपूर्वी केलेला भराव, पूल आणि संथ चढ तयारच होते. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून रेल्वेने डोंगर खोदले आणि दऱ्या भरल्या. त्याचा फायदा आता लहान मुलाच्या सायकलीला आणि चाकांच्या खुर्चीला होतो. १९८६ पर्यंत तेरा मैलांची संपूर्ण वाट पूर्ण झाली. स्टेपल हिलचा सुमारे ४७० मीटरचा बोगदाही तिच्यात आला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली ती नोंदवली पाहिजे. पुढचे बरेच बांधकाम केवळ हौशी लोकांच्या रविवारांवर झाले नाही. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये बेकारी प्रचंड होती आणि बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजना होत्या. सायकलबॅगमधून निघालेल्या, ‘सस्ट्रान्स’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या संस्थेने त्या योजनांतली माणसे वाटांच्या कामाला लावली. म्हणजे आरंभ स्वयंसेवकांचा, हात बऱ्याच अंशी सरकारी मजुरीचे. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण यावी असे हे चित्र आहे. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून या संस्थेला मोठे अनुदान मिळाले आणि देशभर सायकलमार्गांचे जाळे विणले गेले.

एवढे मोठे जाळे राखायचे कसे? संस्थेने स्वयंसेवक ‘रेंजर’ नेमले. प्रत्येकाने काही मैलांचा पट्टा आपला म्हणून घ्यायचा, त्यावरून नियमाने जायचे, उलटी झालेली पाटी सरळ करायची, वाटेवर आलेली फांदी छाटायची आणि आपल्या हाताबाहेरचे असेल ते कळवायचे. हे वाचले तेव्हा मला बार्शी लाइटवरचा चावीवाला आठवला. काम तेच आहे. हातोड्याच्या जागी छाटणीची कात्री आली, एवढेच.

पाणी, पाने आणि पूल

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की वाट एकदा केली की झाली. प्रत्यक्षात तिचे मुख्य वैर पाण्याशी असते. रेल्वेची खोदाई म्हणजे दोन्ही बाजूंचे पाणी गोळा करणारा लांबलचक चर. दोन्ही कडांची गटारे वाहती असली तर ठीक. पानगळीत ती भरतात, पाणी वाटेवर येते, हिवाळ्यात गोठते, पृष्ठभाग फुगून फुटतो. भरावावर उलट अडचण. खालची मोरी तुंबली की पाणी एका बाजूला साठते, भराव भिजतो आणि एखाद्या रात्री खचतो. म्हणून जाणत्या गटांचे वर्षाचे पहिले काम म्हणजे मोऱ्या आणि गटारे उपसणे. त्यात दाखवण्यासारखे काही नसते. नव्या बाकाचे उद्घाटन होते, मोरीचे होत नाही.

दुसरे काम पानांचे. कुजलेल्या पानांचा थर वर्षागणिक चढत गेला की त्यात गवत रुजते आणि दोन्ही कडांनी वाट आत येते. आठ फुटांची वाट काही वर्षांत तीन फुटांची होते. तिसरे काम झाडांचे. रेल्वे असताना ठिणग्यांच्या भीतीने कडा मोकळ्या ठेवल्या जात. आता तिथे रान माजते आणि वादळात आडवे पडते. करवत चालवायला प्रशिक्षण लागते, विमा लागतो. मनात आले आणि फांदी तोडली, असे चालत नाही.

आणि चौथी गोष्ट पुलांची, जिथे स्वयंसेवकाचे हात थांबतात. पुलाची तपासणी आणि दुरुस्ती हे इंजिनिअरचे आणि सरकारी तिजोरीचे काम. ते टळले तर काय होते याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. कम्ब्रियातल्या ग्रेट मसग्रेव्ह गावाजवळ १८६२ सालचा दगडी पूल एका बंद लाइनीवर उभा आहे. २०२१ मध्ये सुरक्षिततेचे कारण सांगून त्याची कमान खालून दगडमाती आणि काँक्रीटने भरून टाकण्यात आली. पुढेमागे वाट किंवा हौशी रेल्वे तिथून जाईल ही शक्यताच त्याने बुजली. लोकांनी आवाज उठवला, स्थानिक कौन्सिलने २०२२ मध्ये परवानगी नाकारली आणि भराव काढावा लागला. यात कोणी फावडे उचलले नव्हते. कागद वाचले होते, हरकती नोंदवल्या होत्या. वाट राखणे म्हणजे हेही राखणे.

म्हणून ‘लोक आहेत, ते बघतील’ असे म्हणून सरकारने हात झटकले की फसगत ठरलेली. २०१८ मध्ये सस्ट्रान्सने आपल्याच जाळ्याची कठोर पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या लांबीचा दर्जा खराब निघाला. त्यात मोटारींच्या रस्त्यांवरून जाणारे भाग मोठे होते. पण बोध स्पष्ट होता. स्वयंसेवकाची नजर पगारी पथकाला बोलावू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

वाट की गाडी?

या सगळ्यात एक अस्वस्थ करणारा प्रश्न आहे आणि तो बाजूला ठेवून चालणार नाही. जिथे लोकांना अजून गाडी हवी आहे तिथे वाट करणे म्हणजे गाडीच्या मरणावर शिक्का मारणे नाही का?

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याने एक उत्तर दिले. १९८३ च्या दुरुस्तीनुसार बंद होणारा मार्ग ‘राखून’ ठेवता येतो. मधल्या काळात तिथे वाट करायची. पुढे रेल्वेला गरज पडली तर रूळ पुन्हा टाकायचा हक्क शाबूत. म्हणजे वाटसरू ताबा धरून बसतात, लाइन मोडू देत नाहीत. याला विरोधही झाला. पुष्कळ ठिकाणी कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त वहिवाटीचा हक्क होता. गाडी गेली, आता जमीन आमची, असे लगतच्या मालकांचे म्हणणे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण अशा मालकांना भरपाई मागण्याची वाटही मोकळी ठेवली. त्यांची तक्रार खोटी नव्हती, असे मला वाटते.

ब्रिस्टल-बाथ वाटेवर हा प्रश्न दोनदा वेगवेगळ्या रूपात आला. बिटन स्थानकावर काही हौशी मंडळींनी १९७० च्या दशकातच वाफेची गाडी पुन्हा सुरू करण्याचे काम हाती घेतले होते. आज तिथे सुमारे तीन मैल रूळ आणि त्यांच्या शेजारून वाट, दोन्ही नांदतात. दोन्हीकडे स्वयंसेवकच. २००८ मध्ये मात्र याच वाटेच्या ब्रिस्टलकडच्या भागावरून जलद बस नेण्याची योजना पुढे आली. सार्वजनिक वाहतूक हवी, हे सायकलवाल्यांनाही मान्य होते. तरीही हजारो लोकांनी विरोध केला आणि योजना बारगळली. तीस वर्षे ज्यांनी पाने झाडली होती, ज्यांची मुले त्या वाटेवर सायकल शिकली होती, ती माणसे आता साक्षीदार म्हणून उभी होती. १९६६ मध्ये लाइन बंद झाली तेव्हा तिच्या बाजूने एवढी माणसे उभी राहिली असती तर?

आपल्या लाइनी

आता घराकडे वळतो. बार्शी लाइट मेली नाही, तिचे रूपांतर झाले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. लातूरकडे जाणाऱ्या नव्या लाइनीने धाराशिव शहराला जोडण्यासाठी मधला काही रस्ता बदलला आणि कॅल्थ्रॉपच्या मार्गाचा तेवढा तुकडा मागे राहिला. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’, सुमारे १९० किलोमीटरची, अडीच फुटीच, आता थांबली आहे. तिथल्या लोकांची मागणी गाडीची आहे, ब्रॉडगेजची आहे, आणि ती रास्त आहे. कापसाच्या मुलखातल्या शेतमजुराला फिरायला वाट नको, तालुक्याला जायला स्वस्त गाडी हवी. ‘शकुंतलेची पायवाट करा’ असे पुण्या-मुंबईतून सुचवणे हे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखे होईल.

पण मधल्या काळाचे काय? गाडी थांबल्यापासून ती पुन्हा येईपर्यंत कधी कधी पिढी उलटते. तेवढ्या काळात पट्टी अखंड कोणी ठेवायची? वरच्या सगळ्या हकिकतींतून मला मिळालेले उत्तर असे, की लाइन गाडीसाठी राखायची असो की चालण्यासाठी, राखणे एकच आहे. कुठे अतिक्रमण झाले, कुठला पूल खचला, कुठली मोरी तुंबली, याची गावागावाने ठेवलेली साधी नोंदवहीसुद्धा उद्याच्या मागणीला आधार देते. श्रमदान हा शब्द आपल्याला नवा नाही. किल्ल्यांवरची टाकी उपसणारी, पायऱ्या मोकळ्या करणारी तरुण मंडळी दर रविवारी महाराष्ट्रभर दिसतात. गडाला जो मान आहे तो रेल्वेच्या दगडी मोरीला मिळालेला नाही, इतकेच.

गेल्या वैशाखात मी बार्शीच्या पुढे जुनी लाइन शोधत गेलो होतो. रूळ नव्हतेच. भराव बऱ्याच ठिकाणी शेतांत मिसळला होता. कुठे बाभळी, कुठे ज्वारीचे धसकट. एका जागी मात्र शे-दोनशे पावले भराव शाबूत होता आणि त्याखाली घडीव दगडाची छोटी मोरी. वाकून पाहिले तर आत गाळ नाही. आरपार उजेड दिसत होता. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, ‘बाबा, ही मोरी कोण साफ करतं? रेल्वेची माणसं येतात का?’

‘रेल्वे कुठली आता,’ तो म्हणाला. ‘आम्हीच करतो. मिरगाच्या आधी एकदा हात फिरवावा लागतो, न्हाईतर पाणी रानात घुसतंय. लाइन गेली, पाणी थोडंच गेलंय?’

मग उठून त्याने मला मोरीच्या तोंडाशी नेले आणि गेल्या पावसात निखळलेला एक दगड त्याने कुठे परत बसवला आहे ते दाखवले.